बाबा 'सरकारी' होते की नव्हते?

ॲड. धरमपेठवाली

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. आज कोर्टाला सुट्टी आहे आणि बाबा दुपारचे झोपलेत, म्हणून बसले.

बाबांनी एका केंद्रीय सार्वजनिक उपक्रमात ३४ वर्षं काढली. नाव घेणार नाही, कृपया कोणी ओळखूही नका. ते नोकरीला लागले तेव्हा आजीने नागपूरच्या महाल भागातल्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, "पोरगा सरकारीत लागला" म्हणून. आईच्या माहेरी स्थळ गेलं तेही 'सरकारी नोकरी' असंच. मी शाळेत फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायापुढे 'सरकारी नोकरी' लिहायची आणि बाईही काही बोलायच्या नाहीत.

३१ जानेवारी २०२३ ला बाबा निवृत्त झाले. ३०० दिवसांची रजा शिल्लक होती, तिचे पैसे मिळाले. आकडे जरा गोल करून सांगते. मूळ पगार अधिक महागाई भत्ता १,२०,००० धरा, म्हणजे रजा रोखीकरणाचे १२ लाख. त्यातले ३ लाख करमुक्त आणि ९ लाख पगारात मिळवले गेले. एप्रिल ते जानेवारीच्या पगाराने प्रमाणित वजावट आणि ८०सी जाऊनही १० लाख गाठलेले होते. त्यामुळे ते ९ लाख अख्खेच्या अख्खे ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेले. उपकरासह २,८०,८०० रुपये कर.

भिंतीपलीकडचे काका त्याच वर्षी राज्य शासनाच्या जलसंपदा विभागातून निवृत्त झाले. त्यांचीही रजा ३०० दिवसांचीच. त्यांना कर शून्य.

बाबा फॉर्म १६ घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तू करवकील ना? मग हे काय आहे?"

मी काय करते ते आधी सांगते, कारण घरच्यांनाही अजून नीट कळलेलं नाही. मी कंपन्यांच्या आयकराची कामं बघते. लोकांना वाटतं की आम्ही बसून पळवाटा शोधतो. खरं म्हणजे बहुतेक दिवस कागद लावण्यात जातात. पेपर बुकाची पानं क्रमाने, प्रत्येक पानावर शिक्का, अपिलाची कारणं, विलंब माफीचा अर्ज. मागणीला स्थगिती मागायची तर विभाग म्हणतो आधी २० टक्के भरा, मग तेवढ्यावर झुंजायचं. सुनावणी कधी व्हिडिओवर, कधी समक्ष. आयकर लवादाचं खंडपीठ नागपुरात आहे हे भाग्य. त्यापुढे उच्च न्यायालयात कलम २६०ए खाली जायचं तर 'कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न' दाखवावा लागतो, नुसती तक्रार चालत नाही.

आता गंमत बघा. बाबा फॉर्म १६ घेऊन आले त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एका अशिलाचं प्रकरण होतं आणि विषय नेमका रजा रोखीकरणाचाच, फक्त कंपनीच्या बाजूने. कंपनी म्हणते, कामगारांची रजा दरवर्षी साठते, तिचं देणं आजच उभं राहतं, तेव्हा वजावट आजच द्या. २००० साली भारत अर्थ मूव्हर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं होतं. ती कंपनीही सार्वजनिक क्षेत्रातलीच बरं का. मग संसदेने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये एक उपकलम घातलं की प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच वजावट मिळेल. कलकत्ता उच्च न्यायालयाने ते उडवलं आणि एप्रिल २०२० मध्ये एक्साइड कंपनीच्या त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परत बसवलं. वीस वर्षं चाललं हे.

म्हणजे ज्या रजेच्या पैशांवर मी दिवसभर कंपनीकडून बोलते, त्याच रजेच्या पैशांबद्दल रात्री जेवताना बाबांना उत्तर देता येत नव्हतं.

कलम १०(१०एए) म्हणतं, केंद्र किंवा राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळचं रजा रोखीकरण पूर्ण माफ. बाकीच्यांना मर्यादेपर्यंत. ती मर्यादा १९९८ पासून ३ लाख होती. पंचवीस वर्षं तिला कोणी हात लावला नाही. १ एप्रिल २०२३ पासून ती २५ लाख झाली. बाबा ३१ जानेवारीला बाहेर पडले. दोन महिने!

पण माझा मुद्दा दोन महिन्यांचा नाही. 'बाकीच्यांत' बाबा का, हा आहे. त्यांच्या साहेबांची नेमणूक दिल्लीतून. पगार सुधारणेचे आदेश सरकारचे. भांडवल सरकारचं. बाबांना बढती नाकारली असती तर ते थेट सिव्हिल लाइन्सच्या उच्च न्यायालयात जाऊन रिट दाखल करू शकले असते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ खाली अशी कंपनी म्हणजे 'राज्य'. आयकर मात्र म्हणतो, तुमची मालक कंपनी, तुम्ही कंपनीचे नोकर.

याचं मूळही आमच्याच शाखेत आहे. १९६४ साली आंध्र प्रदेशच्या एसटी महामंडळाने सर्वोच्च न्यायालयात म्हटलं की आम्ही राज्याचे, आमचं उत्पन्न राज्याचं, त्यावर केंद्राने कर लावू नये. न्यायालय म्हणालं, महामंडळ वेगळी व्यक्ती आहे, तिचं उत्पन्न तिचं. कर भरा. त्या तर्काची सावली आमच्या घरातल्या फॉर्म १६ वर पडली असं मी बाबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आजीचे पेढे वाया."

तर मंडळी, तुमच्या घरी हे कसं झालं? निवृत्तिवेतनाचंही सांगा. कलमांचे आकडे मी जुन्या १९६१ च्या कायद्याचे देतेय. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले, पण डोक्यात जुनेच बसलेत.

---

तर्रीपोहा

काऊन बाप्पा, म्हणजे सोयऱ्यायले सांगाले सरकारी अन् टॅक्सवाल्यायले सांगाले कंपनी?

---

कोषागारकाका

लेख आवडला. मी कोषागारात ३१ वर्षे काढली, म्हणून थोडे आमच्या बाजूचे.

ताई, तुमच्या शेजाऱ्यांना फक्त रजेचाच फायदा झाला असे नाही. उपदानही (ग्रॅच्युइटी) पूर्ण करमुक्त, अंशराशीकरणही पूर्ण करमुक्त. तरुण मंडळींसाठी सांगतो, अंशराशीकरण (कम्युटेशन) म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी घेणे. आमच्याकडे ४० टक्क्यांपर्यंत विकता येतो. समजा निवृत्तिवेतन ४०,००० आहे. ४० टक्के म्हणजे महिना १६,०००. ५८ पूर्ण करून निवृत्त झालात तर पुढच्या वाढदिवसाचे वय ५९, त्याचा गुणक ८.३७१. म्हणून १६,००० × १२ × ८.३७१ = १६,०७,२३२ रुपये हातात येतात. त्यानंतर १५ वर्षे महिन्याला १६,००० कमी मिळतात आणि पुढे पूर्ववत.

लोक विचारतात की १५ वर्षांत २८ लाख ८० हजार कापून घेता, ही सावकारी नाही का? माझ्या खिडकीवर हा प्रश्न हजारदा आला असेल. मी सांगायचो, मुलीचे लग्न या वर्षी आहे की पंधरा वर्षांनी? माणूस सही करून जायचा. बरोबर सांगत होतो की चूक, अजून ठरलेले नाही माझे.

आणि विदर्भ-मराठवाड्याच्या राज्य कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतनाची प्रकरणे मंजुरीला नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात येतात. एजी ऑफिसच्या त्या फाटकाबाहेर लातूर-नांदेडहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे डबा सोडून बसलेली मी पाहिली आहेत. सेवापुस्तकात एका वर्षाची नोंद नाही म्हणून.

---

बँकवाला ६३

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो. मीही तुमच्या हिशेबाने 'सरकारी' नाही. पण माझ्या कम्युटेशनवर एक पैसा कर लागला नाही. मग धागाकर्तीचं म्हणणं कुठेतरी चुकतंय का?

---

ॲड. धरमपेठवाली

@बँकवाला काका, तुमचं बरोबर आहे आणि माझंही. प्रश्न आवडला, कारण यात चांगले चांगले सीए घसरतात.

कलम १०(१०ए) मध्ये बिगरसरकारी माणसाला उपदान मिळालं असेल तर एक तृतीयांश माफ, नसेल मिळालं तर निम्मं. पण एक तृतीयांश कशाचा? हातात आलेल्या रकमेचा नाही. सगळं निवृत्तिवेतन विकलं असतं तर जी रक्कम झाली असती तिचा. तुमच्या बँकेच्या १९९५ च्या नियमांत मुळातच एक तृतीयांशच विकता येतं. म्हणून जेवढं मिळालं तेवढंच माफ. जमलं गणित.

आता कोषागारकाकांचेच आकडे एखाद्या बिगरसरकारी माणसाला लावून बघा, ज्याच्या योजनेत ४० टक्के विकता येतात. हातात १६,०७,२३२. सगळं विकलं असतं तर ४०,१८,०८०. त्याचा तिसरा हिस्सा १३,३९,३६०, एवढं माफ. उरलेल्या २,६७,८७२ वर कर. काही जण हातात आलेल्या १६ लाखांचाच तिसरा हिस्सा माफ धरतात आणि निष्कारण दहा-अकरा लाखांवर कर भरून मोकळे होतात. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर विवरणपत्र परत उघडून बघायला सांगा.

---

बँकवाला ६३

कळलं. धन्यवाद. आमचं खरं दुखणं कर नाहीच, बेसिक पेन्शन वाढत नाही हे आहे. आमच्या मागून निवृत्त झालेल्या शिपायाची पेन्शन आमच्या मॅनेजरच्या पुढे जाते. असो, तो वेगळा धागा.

---

स्पष्टवक्ता

लेख छान, पण एक विचारतो. तुमच्यासारखे वकील कंपन्यांचे कोट्यवधी वाचवतात. कंपन्यांना २०१९ पासून २२ टक्क्यांचा दर आहे. पगारदार माणूस ३० टक्के भरतो. आणि आता वडिलांचे पावणेतीन लाख गेले तेव्हा तुम्हाला अन्याय दिसला! हे जरा सोयीचं नाही का?

---

ॲड. धरमपेठवाली

@स्पष्टवक्ता, टोचलं. पण चूक म्हणणार नाही. २२ टक्क्यांवर अधिभार-उपकर धरून २५.१६८ होतात एवढीच दुरुस्ती, आणि तो दर घेणाऱ्या कंपनीला बऱ्याच सवलती सोडाव्या लागतात. तरी तुमचा मुद्दा उरतोच.

एक किस्सा सांगते. कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. पूर्वी कंपन्या उशिरा भरायच्या आणि विवरणपत्राच्या मुदतीआधी भरला की वजावट घ्यायच्या. बरीच उच्च न्यायालयं देतही होती. १२ ऑक्टोबर २०२२ ला चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे पैसे कंपनीचे नाहीतच, कामगाराचे आहेत, कंपनीने फक्त सांभाळायला घेतलेत. तारीख चुकली की वजावट गेली. पुढच्या वर्षीही नाही, कायमची.

आमच्या एका अशिलाचे असे ४० लाख अडकले. १५ ला सर्व्हर बंद, १६ ला भरले. टॅक्स ऑडिटच्या ३सीडी नमुन्यात २०(बी) ला ती तारीख छापलेली, लपवणार कुठे? दहा लाखांहून जास्त कर बसला. मी अपिलात जे जे सुचलं ते सगळं मांडलं, आणि मांडताना मनात वाटत होतं की निकाल बरोबर आहे. कोणाचा तरी बाप त्या पंधरा तारखेवर अवलंबून असतो. फी मात्र मी घेतली. आता बोला.

---

स्पष्टवक्ता

प्रामाणिक उत्तर. पुढे बोलत नाही.

---

निवृत्त वाहक

नमस्कार मंडळी. मी एका महामंडळातून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. तुमचं लाखाचं वाचून राहिलो. मले महिन्याले २,९०० रुपये पेन्शन भेटते. ईपीएस ९५ वाली. त्याच्यात वाढ नाही, महागाई भत्ता नाही. रिटायर झालो त्या दिवशी जेवढी होती तेवढीच आज बी आहे. मले टॅक्स लागत नाही, म्हणून तुमचा प्रश्न मले नाही. आमच्या पेन्शनीले टॅक्स लागन येवढी ती वाढो, मग भरतो ना बाप्पा आनंदानं.

लोकं आमाले बी सरकारीच समजत होते. खाकी पाहून.

---

कोषागारकाका

@निवृत्त वाहक, दादा, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावे सुचत नाही. इतरांच्या माहितीसाठी एवढेच सांगतो. ईपीएस ९५ म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के त्यात जातात, पण पगाराची मर्यादा आधी ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. सूत्र म्हणजे पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. नुसते १५,००० आणि ३० वर्षे धरली तरी ६,४२८ होतात. दादांची बरीचशी सेवा जुन्या मर्यादेतली, म्हणून तेही नाही. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये. त्यासाठी बुलढाण्यात ज्येष्ठांनी साखळी उपोषण मांडले, साडेसात हजार अधिक महागाई भत्ता ही मागणी आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष पगारावर जादा निवृत्तिवेतनाचा पर्याय काही अटींवर खुला केला, पण मागची फरकाची वर्गणी आणून भरायची. वाहकाने ती कुठून आणायची?

---

काटोलचे गुरुजी

वाचतोय. विषय आमच्या दारापर्यंत आला म्हणून लिहितो.

मी २००९ साली शिक्षक झालो. राज्यात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेले सगळे अंशदानवाले, म्हणजे एनपीएसचे (राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली), म्हणून मी जुन्या पेन्शनमध्ये नाही. केंद्रात हीच रेषा १ जानेवारी २००४ ची. माझ्याच शाळेत एक सर ऑक्टोबर २००५ चे आहेत. खडू तोच, फळा तोच, वर्गही शेजारी. त्यांना शेवटच्या मूळ पगाराचे निम्मे आणि वर महागाई भत्ता. मला काय? समजा ४० लाख जमले. ६० टक्के करमुक्त काढता येतात, ठीक. ४० टक्क्यांची म्हणजे १६ लाखांची वार्षिकी घ्यायची, म्हणजे ते पैसे देऊन पुढे दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची. साडेसहा टक्के धरले तर महिना ८,६६७. तोही कायम तेवढाच.

मार्च २०२३ च्या संपात मी होतो. १४ ते २० मार्च. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडून घसा बसला होता. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमपासून निघायचे आणि पोलीस अडवतील तिथे रस्त्यावर बसायचे, हे तर नागपूरकरांना पाठच आहे. २०२४ च्या सुरुवातीला सरकारने ज्यांची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. त्यात मी बसत नाही. मग २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राची एकीकृत योजना आली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ती मान्य केली. २५ वर्षे सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचे निम्मे.

मॅडम, एक प्रश्न. एनपीएसच्या वार्षिकीवर कर लागतो का? आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत.

---

ॲड. धरमपेठवाली

@गुरुजी, लागतो. एकरकमी ६० टक्के माफ, वार्षिकी घ्यायला दिलेल्या रकमेवरही त्या वेळी कर नाही, पण पुढे दरमहा येईल ते उत्पन्न. मात्र घाबरू नका. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. ८,६६७ वाल्याला आयकराची चिंता नसते, किराण्याची असते.

जुनी पेन्शनही करपात्रच आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती 'पगार' या सदरात येते, म्हणून निवृत्तांना प्रमाणित वजावट मिळते, नव्या प्रणालीत ७५,०००.

---

डोंबिवली लोकल

नागपूरकरांच्या धाग्यात मुंबईची घुसखोरी. मी खासगी कंपनीत आहे. एचआरने सांगितलं की पीएफ, सुपरॲन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) आणि एनपीएस मिळून कंपनीचा हिस्सा साडेसात लाखांच्या वर गेला तर वरच्यावर कर. खरं का?

---

ॲड. धरमपेठवाली

खरं. २०२०-२१ पासून. आणि त्या वरच्या रकमेवर जे व्याज-उत्पन्न साठेल त्यावरही. पण वाहक दादांच्या प्रतिसादाखाली हा प्रश्न वाचताना जरा कसंतरीच झालं हो. तुमचा दोष नाही.

---

डोंबिवली लोकल

मान्य. विचारताना वर वाचलं नव्हतं.

---

तर्रीपोहा

या नागपूरले. तर्री पाजतो, मंग बरोबर वाटन.

---

माहेर वर्धा

माझा छोटा प्रश्न. आईला बाबांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. आमचा विवरणपत्र भरणारा मुलगा ते 'पगार' मध्ये दाखवून ७५,००० ची वजावट घेतो. दोन वर्षं झाली, काही नोटीस नाही. बरोबर आहे ना?

---

ॲड. धरमपेठवाली

नाही. कुटुंब निवृत्तिवेतन 'इतर उत्पन्न' मध्ये जातं. आईंनी नोकरी केलेली नाही, म्हणून तो त्यांचा पगार नाही. कायदा असा कोरडा आहे. वजावट म्हणजे रकमेचा तिसरा हिस्सा किंवा नव्या प्रणालीत २५,०००, यातलं जे कमी ते. जुन्या प्रणालीत १५,०००. नोटीस आली नाही म्हणजे बरोबर आहे असं नसतं, त्या मुलाला हे नक्की सांगा. आईंचं एकूण उत्पन्न सवलतीच्या आत असेल तर कर तसाही निघणार नाही, पण सदर दुरुस्त करा.

---

कोषागारकाका

आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका. मोबाइलवरून चेहरा दाखवून होतो आता. पूर्वी अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना रिक्षात घालून आणायचे, मी खिडकी सोडून खाली रिक्षापर्यंत जाऊन सही घेतलेली आहे.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. नकारा यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर १९८२ चा निकाल तुम्हाला ठाऊकच असेल. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे घटनापीठाने सांगितले. ती तारीख आम्ही पेन्शनर्स डे म्हणून पाळतो. माझे म्हणणे असे की मोबदलाच असेल तर मग मालक सरकार की कंपनी, यावरून माफी का बदलावी? रजा तर दोघांनीही सारखीच शिल्लक ठेवली.

---

ॲड. धरमपेठवाली

काका, नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि मी दीड पान वाया घालवलं.

कोर्टात मात्र हे चालत नाही. सार्वजनिक उपक्रमांच्या निवृत्तांनी दिल्ली उच्च न्यायालयात हा भेदभाव मांडून पाहिला. २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अनुच्छेद १२ खाली 'राज्य' असलात तरी तुम्ही सरकारी कर्मचारी होत नाही, ते दोन वेगळे वर्ग आहेत. मात्र ३ लाखांची मर्यादा इतकी वर्षं का वाढवली नाही, एवढ्या मुद्द्यावर सरकारला नोटीस काढली. पुढे मर्यादा वाढली, पण भिंत आहे तिथेच आहे. २५ लाखांच्या आतल्यांना आता ती दिसत नाही इतकंच.

आपल्या शहरात ती जरा जास्तच दिसते असं मला वाटतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे, मँगनीज खाणींच्या मॉयलचं इथे, महालेखापाल इथे, आयकर अधिकारी घडवणारी छिंदवाडा रोडची अकादमी इथे. एकाच अपार्टमेंटमध्ये चार मजल्यांवर चार प्रकारचं निवृत्तिवेतन राहतं. कोळशातल्या कामगारांची तर १९९८ ची वेगळीच योजना आहे आणि तीही वाढत नाही. सकाळी फुटाळा तलावावर फिरायला जाणाऱ्या कुठल्याही टोळक्यात दहा मिनिटं कान द्या, डीए आणि एरिअर्सशिवाय दुसरा शब्द ऐकू येणार नाही.

---

काटोलचे गुरुजी

एरिअर्सवरून आठवले. थकबाकी एकदम मिळाली की कर वाढतो, त्याचे काही होते का?

---

ॲड. धरमपेठवाली

होतं. कलम ८९. ज्या ज्या वर्षाची थकबाकी त्या त्या वर्षात मिळाली असती तर किती कर लागला असता, याचा फरक परत मिळतो. नव्या प्रणालीतही. पण फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरायचा. नंतर भरला की मागणीची नोटीस येते, आणि मग लोक माझ्याकडे येतात. तेव्हा माझी फी सवलतीपेक्षा जास्त होते.

---

निवृत्त वाहक

ताई, तुमच्या बाबायनं हे वाचलं का?

---

ॲड. धरमपेठवाली

हो दादा, आत्ता चहा घेताना वाचला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "माझ्या दोन लाख ऐंशीवर एवढा मोठा लेख लिहायला नको होता." थोड्या वेळाने परत आले. शिल्लक रजा ३०० नव्हे, ३४७ दिवस होती, ३०० च्या वरचे ४७ दिवस बुडाले, तेवढं दुरुस्त कर म्हणाले.

वर दुरुस्ती करता येत नाहीये, म्हणून इथे लिहिते. ३४७.